सोसायटीच्या गणपतीत काउंटर-स्ट्राइकची स्पर्धा घ्यायची आहे (नाशिक). कशी जमवावी?

सिडकोची_स्नायपर:

नमस्कार मंडळी,

पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या सोसायटीत यंदा सांस्कृतिक कार्यक्रमांची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली आहे. चार विंग, पाच दिवसांचा गणपती आणि दरवर्षीचं तेच ते: रांगोळी, पाककृती, संगीत खुर्ची, शेवटच्या संध्याकाळी तंबोला. पंधरा ते पंचविशीतली पोरंपोरी फक्त आरतीला उगवतात, मोदक घेतात आणि लिफ्टने परत वर. गेल्या वर्षी या वयोगटासाठी एकपात्री अभिनय ठेवला होता. नाव एकच आलं, तेही मुलाच्या आईने परस्पर दिलेलं.

ही मंडळी वर जाऊन काय करतात ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण जेवणं झाली की मीही तेच करते. सीएस२, म्हणजे काउंटर-स्ट्राइक २: पीसीवरचा बंदुकांचा खेळ, टेररिस्ट नावाची टीम बॉम्ब लावते आणि दुसरी तिला अडवते. एका रात्री मॅचमध्ये एक अनोळखी मुलगा टीममध्ये आला. त्याच्या माइकमधून वॉचमनकाकांची शिट्टी ऐकू आली आणि तीच शिट्टी त्याच क्षणी माझ्या खिडकीतूनही आली. डी विंगचा निघाला! तीन वर्षं एकाच पार्किंगमध्ये गाड्या लावतोय आणि ओळख झाली ती खेळातल्या मिराज नकाशात, बी साइटवर.

तर विचार आहे स्पर्धेचा. कमिटीने नाही-हो करत क्लब हाउस दोन दुपारसाठी दिलंय, दुपारी दोन ते साडेसहा, कारण सातला आरतीची तयारी सुरू होते. बजेट बक्षिसांसकट वीस हजार. माझ्या डोक्यात असं होतं की पाच-पाच जणांच्या आठ टीम, दहा जण आपापले पीसी घरून खाली आणतील, क्लब हाउसचं वाय-फाय आहेच. पण जितका विचार करतेय तितकी धडकी भरतेय. दहा पीसी एका हॉलमध्ये चालतील का? लाइट गेली तर? सीएस२ घ्यावं, की काउंटर-स्ट्राइकचीच जुनी १.६ आवृत्ती, की तसाच दुसरा खेळ व्हॅलोरंट?

आणि एक भानगड वेगळीच. आमचे सेक्रेटरीकाका म्हणाले, "गणपतीसमोर पोरं टेररिस्ट-टेररिस्ट खेळणार?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. कोणी असलं काही भरवलं असेल तर सांगा.

---

एको_राउंड:

व्हॅलोरंट घे. आमच्या गंगापूर रोडच्या ग्रुपमध्ये सीएसवाले बोटावर मोजण्याइतके राहिलेत, बाकी सगळे व्हॅलोरंटवर. टेररिस्ट शब्दाची कटकटही नाही, अटॅकर आणि डिफेंडर. काकांना सांग, जादूचे खेळ आहेत.

नाहीतर सरळ फोनवरचा बीजीएमआय. चार जणांचा स्क्वॉड, फोन प्रत्येकाच्या खिशात, पीसीचा प्रश्नच मिटला.

---

जुना_कॅफेवाला:

ताई, आधी मुद्द्याचं सांगतो. दहा पीसी विसरा. चार पीसीवर स्पर्धा घ्या.

सीएस२ मध्ये विंगमन मोड आहे, तुम्ही खेळलाच असाल. दोन विरुद्ध दोन, नकाशातला एकच बॉम्बसाइट (बॉम्ब लावायची जागा) उघडा, जास्तीत जास्त १६ राउंड, आधी ९ जिंकेल तो पुढे. वीस-पंचवीस मिनिटांत मॅच उरकते. पाच-पाचच्या मॅचला २४ राउंड, १३ ला निकाल, आणि १२-१२ झालं की ओव्हरटाइम. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं कुठे गेली कळत नाही, वर पाच जण उठणार, पाच बसणार, प्रत्येकाचा माउस, प्रत्येकाचं सेटिंग. तास धरा. आठ टीमच्या बाद फेरीत सात मॅच, म्हणजे सात तास. विंगमनला सोळा टीम घेतल्या तर पंधरा मॅच, अर्ध्या तासाला एक, म्हणजे साडेसात तास. तुमच्याकडे दोन दुपार मिळून नऊ तास आहेत. वेळ जवळपास तितकाच, पीसी निम्म्याहून कमी, आणि टीम दुप्पट. शिवाय एका विंगमधून पाच जण जमवताना भांडणं होतात. दोघं कुठूनही जमतात. भाऊ-बहीण येतील, तुमचा तो शिट्टीवाला येईल.

मी बोलतोय ते ऐकीव नाही. कॉलेज रोडला २००३ साली मी सायबर कॅफे टाकला. ईमेल तपासायला येणाऱ्यांच्या जिवावर भाडंसुद्धा निघालं नसतं, कॅफे चालला तो १.६ वर. बोजड सीआरटी मॉनिटर, बॉलवाला माउस, आणि दुपारी लेक्चर बुडवून आलेली दहा पोरं डस्ट२ नकाशावर. ढाल घेणाऱ्याला आमच्याकडे उठवून देत असू, तो कॅफेचा नियम होता. नंतर घरोघरी इंटरनेट गेलं आणि दुकान आटोपलं. आता सीसीटीव्ही आणि नेटवर्किंगची कामं करतो. सांगायचा मुद्दा हा की स्पर्धा बिघडते ती बंदुकीवरून कधीच नाही. बिघडते "त्याचा पीसी माझ्यापेक्षा भारी आहे" यावरून.

म्हणून घरचे पीसी आणू नका. एकाकडे ६० हर्ट्झचा मॉनिटर असतो, दुसऱ्याकडे २४० चा. साठवाल्याला दर १६.७ मिलिसेकंदाला नवं चित्र दिसतं, दोनशे चाळीसवाल्याला ४.२ ला. कोपऱ्यावरून कोणी डोकावलं की पहिल्याला ते कळेपर्यंत दुसऱ्याने चाप ओढलेला असतो. हरलेला पोरगा हे आईला सांगतो, आई कमिटीत सांगते, आणि पुढच्या वर्षी परत एकपात्री. एखाद्या गेमिंग कॅफेकडून एकसारखे पाच पीसी दोन दिवसांसाठी भाड्याने घ्या. चार खेळायला, पाचवा प्रेक्षकांच्या पडद्यासाठी. दुपारी त्यांचाही धंदा मंद असतो, घासाघीस करा, मालकाचं नाव बॅनरवर टाका. आणून लावले की दोन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डातच आहे, मदरबोर्डात नाही. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटरचा पूर्ण वेग (१४४ हर्ट्झ) निवडलेला आहे. मॉनिटर कितीही भारी आणा, विंडोज बऱ्याचदा मुकाट ६० वरच बसलेलं असतं.

आता नेट. वाय-फायचा विचारसुद्धा नको. भिंतीपलीकडे पन्नास फोन रील बघत बसलेले असणार, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ) बेडकासारखं उड्या मारेल. एक गिगाबिट नेटवर्क स्विच, कॅट सिक्सच्या केबली, आणि सर्व्हर तुमच्याच हॉलमध्ये एका बऱ्या लॅपटॉपवर. खेळ बनवणाऱ्या व्हॅल्व्ह कंपनीचं सर्व्हर सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात गेम टाइप ० आणि गेम मोड २ दिला की विंगमन चालू होतं. मुंबई आपल्यापासून रस्त्याने १७० किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन दोन मिलिसेकंदसुद्धा लागू नयेत. प्रत्यक्षात चांगल्या दिवशी दहा-पंधरा दिसतं आणि वाईट संध्याकाळी साठ, कारण डेटा सरळ कसाऱ्याने उतरेल असं नाही, कंपनी नेईल त्या वाटेने जातो. त्यात सिंहस्थाच्या कामांसाठी जिथे तिथे खोदकाम. फायनलच्या मधे जेसीबीच्या दातात फायबर आली तर काय कराल? सर्व्हर खोलीत असला की बाहेर काहीही तुटो, मॅचचा डेटा हॉल सोडून जातच नाही.

याच कारणासाठी एको_राउंडचं व्हॅलोरंट बाद. त्याचा सर्व्हर आपल्याला हॉलमध्ये मांडता येत नाही, तो बनवणाऱ्या रायट कंपनीच्या सर्व्हरवरच जावं लागतं. वर त्याचं चीट पकडणारं व्हॅनगार्ड विंडोज ११ वर सिक्युअर बूट आणि टीपीएम या सुरक्षेच्या सोयी मागतं. भाड्याच्या पीसीच्या बायोसमध्ये शिरून ते चालू करत बसायला तुम्हाला वेळ नाही. खेळ चांगला आहे, माझी पुतणी खेळते, पण या कामाचा नाही.

इंटरनेट फक्त स्टीमच्या (व्हॅल्व्हचं खेळांचं दुकान, सीएस२ त्यावरूनच चालतं) लॉगिनपुरतं लागेल. सीएस२ फुकट आहे आणि आपल्या सर्व्हरवर खेळायला पैसे देऊन घ्यायचं प्राइम लागत नाही, म्हणून ज्यांचं खातं नाही त्यांना आठवडाभर आधी काढायला सांगा. लॉगिनला फोनवर कोड येतो. फोन घरी चार्जिंगला लावून खाली येणारे महाभाग हमखास निघतात, त्यांची वाट बघायची नाही असं आधीच जाहीर करा. गेम पन्नास जीबीच्या वर आहे. पाचही पीसीवर नेटवरून उतरवू नका. एकावर उतरवा, बाकीच्यांना स्टीमच्या लोकल ट्रान्सफरने स्विचवरूनच द्या, २०२३ पासून ती सोय आहे. आदल्या रात्री सगळीकडे अपडेट बघा, सर्व्हरवरसुद्धा. पीसीचं व्हर्जन पुढे आणि सर्व्हरचं मागे राहिलं तर आत घेतच नाही. सकाळी व्हॅल्व्हने अपडेट सोडला आणि दुपारी सगळे एकमेकांची तोंडं बघतायत, असं नको व्हायला.

१.६ बद्दल विचारलंत. मन माझं तिकडेच आहे, पण आजची पोरं त्यात रमणार नाहीत. पस्तिशीच्या पुढच्यांसाठी दोन मॅच दाखवण्यापुरत्या ठेवा. ते कुठल्याही डबड्यावर चालतं आणि स्टीमवर थोडक्यात मिळतं. कमिटीतला निदान एक सभ्य गृहस्थ असा निघेल की ज्याचे हात अजून डस्ट२ ला आपोआप लाँग नावाच्या वाटेकडे वळतात. मग कमिटी तुमची.

---

पंचवटी_वायरमन:

लोडचं मी सांगतो.

गेम चालू असताना एक पीसी आणि मॉनिटर मिळून ४०० वॅट धरा. दहा म्हणजे ४ किलोवॅट, २३० व्होल्टवर सतरा अँपिअरच्या वर. एका १६ अँपिअरच्या पॉइंटवर लावले असते तर एमसीबी पडत राहिला असता, किंवा पडला नसता आणि वायर तापली असती. दुसरं जास्त वाईट. कॅफेवाल्या भाऊंच्या हिशोबाने पाच पीसी, लॅपटॉप, स्विच, प्रोजेक्टर मिळून अडीच किलोवॅटच्या आत, दहा-अकरा अँपिअर. तरी एका पॉइंटवर सगळं लादू नका, दोन वेगवेगळ्या एमसीबीच्या पॉइंटवर वाटा. एक्स्टेन्शनमधून एक्स्टेन्शन काढायचं नाही.

मंडपाच्या रोषणाईच्या लाइनवर तर अजिबात घेऊ नका. भाद्रपदात आपल्याकडे पाऊस असतोच, मंडपातल्या माळेत पाणी गेलं की आरसीसीबी (करंटची गळती पकडणारा ब्रेकर) पडणार आणि तुमची मॅच गेली. मंडपासाठी महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन घेता ना? ते मंडपालाच ठेवा.

यूपीएस सर्व्हरच्या लॅपटॉपला आणि स्विचला लावा, ६०० व्हीएचा छोटा पुरे. पीसींना यूपीएस द्यायचा खर्च करू नका. आणि अर्थिंग तपासून घ्या. क्लब हाउसचे पॉइंट बिल्डरने दिलेले असतात, तिसऱ्या भोकात वायर आहे की नुसतंच भोक आहे ते बघा.

---

सिडकोची_स्नायपर:

कॅफेवाले काका, वायरमनदादा, मनापासून आभार. विंगमन डोक्यातच आलं नव्हतं. डी विंगवाल्याला विचारलं, तो म्हणाला पाच-पाचची मजा वेगळीच, पण दोन-दोनला त्याच्याकडे जोडीदार तयार आहे. (कोण ते सांगेना.)

दोन शंका. लाइट गेली आणि पीसी बंद पडले तर सर्व्हर चालू राहून उपयोग काय? राउंड तर गेलाच ना. आणि दुसरं, प्रेक्षक. हॉल एकच आहे. पडद्यावर दोन्ही टीम दिसणार आणि खाली बसलेली पोरं ओरडणार, "अरे मागे आहे, मागे!" हे कसं थांबवायचं?

---

जुना_कॅफेवाला:

राउंड जातो, मॅच जात नाही. सर्व्हर दर राउंडला नोंद लिहून ठेवतो. स्कोअर, कोणाकडे किती पैसे, कोणती बंदूक, सगळं. लाइट आली की शेवटची नोंद परत लोड करायची आणि तिथून पुढे. सर्व्हरला यूपीएस त्यासाठी. हे आधी घरी एकदा करून बघा, भर हॉलमध्ये शिकायची गोष्ट नाही ती. पॉझचा हुकूमही पाठ करून ठेवा.

ओरडण्याचा प्रश्न मात्र खरा. आमच्या कॅफेत पाठीमागे उभे राहणारे फुकटे प्रशिक्षक हाच सगळ्यात मोठा वैताग होता. सीएसटीव्ही नावाची सोय सर्व्हरमध्येच आहे, पडद्याचा पीसी त्यावर जोडायचा आणि उशीर लावायचा, समजा साठ सेकंद. मग पडद्यावर जे दिसतं ते एक मिनिट शिळं, कितीही ओरडा. पण एका हॉलमध्ये त्याचा उलटा त्रास होतो. खेळणारे जिंकून उड्या मारतात आणि पडद्यावर बॉम्ब अजून लागायचाय. प्रेक्षकांची मजाच जाते.

तुमच्या सोसायटीत जिम आहे का? बहुतेक नव्या सोसायट्यांत क्लब हाउसला चिकटून असते आणि ट्रेडमिलवर टॉवेल वाळत असतात. खेळाडू तिथे बसवा, पडदा हॉलमध्ये ठेवा. मधलं दार बंद, दारात एक खमक्या काकू, आणि खेळणाऱ्यांचे फोन काकूंच्या टोपलीत. मग उशीर दहा-पंधरा सेकंदांचा पुरतो. केबल तेवढी लांब कापा.

आणखी एक. गणपतीत आसपास ढोलाचा सराव असतोच, तुमच्या भागात तर रोज. सीएसमध्ये निम्मी माहिती कानाने मिळते. पळणाऱ्याची पावलं ऐकू येतात, शिफ्ट दाबून चालणाऱ्याची येत नाहीत, बॉम्ब निकामी करायला हात लावला की तोही आवाज येतो. शेजारी तीस ढोल वाजत असतील तर शिफ्टची गरजच उरणार नाही, सगळे बिनधास्त पळतील. कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्या, आणि पथकवाल्यांना भेटून सरावाची वेळ विचारून या. नाशिकमध्ये ढोल बंद करा म्हणायचं नाही, वेळ विचारायची.

कॉमेंट्री मराठीत ठेवा, त्याशिवाय बायाबापड्या बसणार नाहीत. आणि कॉमेंट्री करणाऱ्याने बंदुकीपेक्षा, खेळात बंदुका घ्यायला मिळणाऱ्या पैशांवर बोलावं. पहिल्या राउंडला प्रत्येकाकडे ८०० डॉलर, एके रायफल येते २७०० ला, एडब्ल्यूपी ही स्नायपर रायफल ४७५० ला. हरलेली टीम एक राउंड पिस्तुलावर भागवते आणि पुढच्याला सगळं घेते, महिनाअखेरीला आपण हात आखडता घेतो तसं. हे एकदा सांगितलं की आज्याही विचारायला लागतात, "आता यांच्याकडे किती उरले?" दुसरं सांगायचं ते बॉम्बचं घड्याळ. लागल्यापासून ४० सेकंद. निकामी करायला १० सेकंद, किट असेल तर ५, आणि किट मिळते ४०० ला. आठ सेकंद उरलेत, पोरगा बॉम्बपाशी पोचलाय आणि किट घेतलेली नाही. कॉमेंटेटरने एवढंच सांगावं आणि गप्प बसावं. हॉल आपोआप ओरडतो.

---

देवळालीचा_गोलंदाज:

सेक्रेटरीसाहेबांच्या आक्षेपाबद्दल लिहितो. मी तोफखान्यात होतो, देवळालीच्या स्कूल ऑफ आर्टिलरीत बरीच वर्षं काढली, आता निवृत्त. नातू हा खेळ खेळतो, म्हणून शेजारी बसून बघितला आहे.

ताई, साहेबांचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. ज्यांच्या घरातलं माणूस सीमेवर आहे अशी कुटुंबं आपल्या भागात पुष्कळ आहेत. हॉलच्या दारावर रंगीत अक्षरांत "टेररिस्ट" आणि बाजूला मखर, हे मलाही रुचणार नाही. पण तुम्ही पडदा गणपतीसमोर लावतच नाही आहात, क्लब हाउसमध्ये लावताय. तेवढं त्यांना स्पष्ट सांगा. बॅनरवर बंदुकीचं चित्र नको. कॉमेंट्रीत "हल्ला करणारे" आणि "बचाव करणारे" म्हणा, खेळात काही बदलत नाही. निम्मे राउंड झाले की बाजू बदलतात, प्रत्येकाला दोन्हीकडून खेळावं लागतं, हेही सांगा. त्यांना बहुतेक ते माहीत नसेल. मंडळांनी कारगिलचे देखावे केले, त्यात थर्माकोलच्या का होईना तोफा होत्याच आणि आम्ही मुलांना खांद्यावर घेऊन ते बघायला गेलो. म्हणजे शस्त्र दिसण्याला त्यांचा विरोध नसावा, नावाला आहे.

वयाची अट मात्र घाला. सोळाच्या खालच्याला बसवू नका, आणि अठराच्या खालचा असेल तर आई किंवा वडिलांची सही घ्या. धाकट्यांसाठी बाजूला कॅरम ठेवा.

खेळाबद्दल एक बरं वाटलं. पळता पळता गोळी लागत नाही, थांबून नेम धरावा लागतो. नातू म्हणाला, "आबा, सगळे नवे इथेच मरतात." जिने मात्र फार आहेत आणि कोणालाच धाप लागत नाही.

---

एको_राउंड:

व्हॅलोरंटवर मी हरलो, मान्य. पण दोन गोष्टी कोणी बोललं नाही.

एक, कीबोर्ड. पोरं स्वतःचा माउस आणि कीबोर्ड आणणार, आणू दे, पण स्नॅप टॅपसारखी सोय असलेले कीबोर्ड बंद ठेव. उलट दिशेची की दाबून जागच्या जागी थांबणं ही बोटांची कला आहे, त्या कीबोर्डवर ती आपोआप होते. ऑगस्ट २०२४ मध्ये व्हॅल्व्हने आपल्या अधिकृत सर्व्हरवर त्याला मनाई केली. तुझा सर्व्हर तुझा, तिथे नियम तुलाच लिहावा लागेल. माउसच्या सॉफ्टवेअरमधले मॅक्रोही बंद. पेनड्राइव्ह तर कोणाचाच लावू द्यायचा नाही, आणि खेळणाऱ्याच्या विंडोज खात्याला ॲडमिनचे हक्क नकोत. २०१८ साली शांघायच्या स्पर्धेत एका भारतीय टीमचा खेळाडू चालू मॅचमध्ये चीट वापरताना पकडला गेला होता, फाइलचं नाव ठेवलं होतं वर्ड. त्यानंतर कितीतरी दिवस बाहेरच्या सर्व्हरवर आपला झेंडा दिसला की लोक तेच टोमणे मारायचे. सोसायटीत कोणी इतकं करणार नाही म्हणशील, पण बक्षीस ठेवलंस ना!

दोन, बक्षिसाचे पैसे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे, ई-स्पोर्ट्स वेगळे धरलेत. तुझी स्पर्धा हॉलमधली आणि घरगुती, पण टीममागे पाचशे घ्या आणि जमतील ते विजेत्याला द्या, हा प्रकार करू नकोस. फी शून्य ठेव. बक्षीस मंडळाच्या फंडातून किंवा एखाद्या दुकानदाराकडून, आणि रोख नको. माउसपॅड, हेडफोन, एखादा बरा माउस.

---

पंचवटी_वायरमन:

जिममध्ये पीसी ठेवणार असाल तर ट्रेडमिलचा प्लग काढून ठेवा, त्याच पॉइंटवर असतो बहुतेक वेळा. हॉलच्या दारातून केबल जाणार तिथे पट्टी मारा, प्रसादाचं ताट घेऊन कोणी अडखळेल.

---

सिडकोची_स्नायपर:

आज कमिटीची मीटिंग झाली. गोलंदाज आबा, तुमचं उत्तर जसंच्या तसं वाचून दाखवलं. सेक्रेटरीकाका थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले बॅनरचा मजकूर मला आधी दाखवा. म्हणजे हो. खजिनदार मात्र १.६ हे नाव ऐकून खुर्चीत सावरून बसले आणि नकाशा कोणता ते विचारलं.

ठरलं ते असं. विंगमन, सोळा टीम, फी नाही, वय सोळाच्या पुढे. पहिल्या दुपारी पहिली फेरी, आठ मॅच. दुसऱ्या दुपारी उरलेल्या सात, फायनलसकट, आणि मधे अर्धा तास खजिनदारांसाठी डस्ट२. जिम मिळाली, ट्रेडमिल कोपऱ्यात सरकवणार आहेत. कॅनडा कॉर्नरकडच्या एका गेमिंग कॅफेवाल्याशी बोलले, पाच पीसी, दोन दिवस, ने-आण त्याची, बारा हजार म्हणतोय. मला जास्त वाटतंय. काका, तुम्ही याच धंद्यात होतात, किती म्हणू?

---

जुना_कॅफेवाला:

नऊला या, दहाला थांबा. त्याचा एक माणूस दोन्ही दुपार तिथे हजर पाहिजे हे त्यातच बोलून घ्या, वेगळं मागाल तर वेगळे लावेल. माउसपॅडही त्याच्याकडूनच मागा, एकसारखे. ने-आण तो म्हणतो, पण पावसात उघड्या टेम्पोतून आणणार की बंद गाडीतून ते विचारा. स्विच विकत घेऊ नका, माझ्याकडे सोळा पोर्टचा पडून आहे, केबलीही कापून देतो. अंबडला कामाला येतो तेव्हा टाकून जाईन.

---

एको_राउंड:

सोसायटीबाहेरचे चालतील का? माझ्याकडे जोडीदार आहे आणि इन्फर्नो नकाशा तोंडपाठ आहे.

---

सिडकोची_स्नायपर:

टीममधला एक तरी आमच्या सोसायटीचा हवा, असा नियम कालच मंजूर झाला. बी विंगमध्ये एक मुलगी एकटीच नाव देऊन गेली आहे, जोडीदार शोधतेय. पण ती एडब्ल्यूपी कोणाला देत नाही, आधीच सांगून ठेवते.

काका, नऊपासूनच सुरुवात करते. स्विचसाठी गेटवर तुमचं नाव देऊन ठेवते, फक्त कोणत्या दिवशी येताय ते कळवा.